पावलं मोजायची, तर फोन उचलणारं माणूसही हवं

पुण्यातल्या रुग्णालयात केमोचं सलाईन संपतं, सुई निघते, फाईलवर पुढची तारीख पडते: २१ दिवसांनी. संध्याकाळपर्यंत रुग्ण घरी पोचलेला असतो. कुणी धायरीला, कुणी भोसरीला, तर कुणी थेट भोर, दौंड, इंदापूरला. धोक्याचे दिवस सुरू होतात ते यानंतर. बहुतेक केमो औषधांनंतर पांढऱ्या पेशी सातव्या ते चौदाव्या दिवसादरम्यान सर्वांत खाली जातात. संसर्गाशी लढणाऱ्या न्यूट्रोफिल पेशी रक्ताच्या एका मायक्रोलिटरमध्ये ५०० च्या खाली गेलेल्या असताना १०१ फॅरनहाइट ताप आला, किंवा १००.४ ताप तासभर टिकला, तर ती तातडीची वेळ. रुग्णालयाच्या दारात आल्यापासून ६० मिनिटांत शिरेतून अँटिबायोटिक सुरू व्हावं, असा दंडक आहे. पण ती ६० मिनिटं सुरू होण्याआधी रुग्ण घरी किती तास पडून होता, याची नोंद सहसा होत नाही.

दुखणं अंगावर काढणं हा आपल्याकडे गुण समजला जातो. मुलाची रजा वाया जायला नको, उद्या सकाळपर्यंत बघू, केमोनंतर एवढं होणारच. फार झालं तर जवळच्या दवाखान्यात कमरेत एक इंजेक्शन आणि तापाची गोळी. ताप उतरतो, संसर्ग वाढत राहतो. प्लेटलेट कमी असताना स्नायूत टोचलेल्या त्या सुईने रक्त साकळतं ते वेगळंच.

डिस्चार्जनंतर रुग्णाच्या मनगटावर पावलं मोजणारी पट्टी बांधावी का, हा प्रश्न या पार्श्वभूमीवर विचारायला हवा. उत्तर 'हो' असंच आहे. पण पट्टी रुग्णालयाची हवी, तिच्यातून मुख्यतः पावलांचाच आकडा घ्यावा, आणि तो आकडा घसरला की त्याच दिवशी फोन करणारी, रुग्णाला नावाने ओळखणारी सिस्टर नेमलेली हवी. यातलं शेवटचं नसेल तर पट्टी देऊच नये. कुणीतरी आपल्यावर लक्ष ठेवून आहे असा खोटा भरवसा रुग्णाला देणं हे काहीच न देण्यापेक्षा वाईट. ज्याला वाटतं की रुग्णालयाला सगळं कळतंय, तो स्वतःहून फोन करत नाही.

पावलंच का? कॅन्सरच्या डॉक्टरांकडे रुग्णाची ताकद मोजायचं एक जुनं माप आहे. १९८२ साली प्रसिद्ध झालेली ही ईकॉग मोजपट्टी शून्यापासून सुरू होते; आकडा जितका मोठा, तितकी ताकद कमी. २ म्हणजे स्वतःचं सगळं स्वतः करतो, कामधंदा जमत नाही, पण जागेपणीचा निम्म्याहून जास्त वेळ उठून-फिरून असतो. ३ म्हणजे निम्म्याहून जास्त वेळ खाटेवर किंवा खुर्चीत. पुढची केमो द्यायची का, डोस कमी करायचा का, हे ठरवताना २ आणि ३ मधला फरक फार मोठा ठरतो. आणि तो फरक ठरतो ओपीडीतल्या पाच-दहा मिनिटांत. त्या दिवशी रुग्ण अंघोळ करून, धुतलेले कपडे घालून, ताठ बसलेला असतो. 'कसं वाटतंय?' 'बरं आहे.' मागच्या दोन आठवड्यांत ती व्यक्ती खाटेवरून न्हाणीघरापर्यंतच गेली असेल, तर ते या उत्तरात दिसत नाही. पट्टीत दिसतं.

काही आजारांत तर चालणं हीच पहिली खूण असते. स्तन, प्रोस्टेट किंवा फुप्फुसाचा कॅन्सर पाठीच्या मणक्यात पसरला आणि मज्जारज्जूवर दाब यायला लागला, की रुग्ण म्हणतो 'कंबर धरलीय', 'पाय जड पडतात'. घरच्यांना ते वयाचं वाटतं. मग एक दिवस लघवी अडते, पाय उचलत नाहीत, आणि तेव्हा धावपळ होते. या दुखण्यात एक गोष्ट पक्की ठाऊक आहे: उपचार सुरू करताना जो चालत होता, तो नंतरही चालत राहण्याची शक्यता खूप जास्त, ज्याचे पाय आधीच गेले, त्याचे परत येणं अवघड. म्हणून रोजची २,८०० पावलं आठवडाभरात २,०००, १,४००, ९०० अशी उतरत गेलेली कुणाच्या तरी नजरेस पडणं, याचं मोल त्या पट्टीच्या किमतीत मोजता येत नाही.

केमो आणि रेडिएशन एकत्र चालू असलेल्या रुग्णांवर, पोटाच्या मोठ्या शस्त्रक्रियेनंतर वॉर्डात असलेल्या रुग्णांवर अमेरिकेत असे अभ्यास झाले आहेत. गट लहान होते, पण कमी चालणाऱ्यांना भरती किंवा पुन्हा भरती व्हावं लागण्याचं प्रमाण जास्त दिसलं. याचा उलटा अर्थ मात्र कुणी काढू नये. पावलं कमी झाली म्हणून आजार वाढत नाही; आत काही बिघडलं म्हणून पावलं कमी होतात. आकडा वाढवायला रुग्णाला पळवणं म्हणजे थर्मामीटर थंड पाण्यात बुडवून ताप उतरवणं. मणक्यात किंवा मांडीच्या हाडात कॅन्सर असलेल्याला 'आज पाच हजार पूर्ण करा' म्हणून चालायला लावलं तर हाड मोडू शकतं. पट्टीचं 'शाब्बास, ध्येय पूर्ण' हे सगळं बंद करूनच ती रुग्णाच्या हातावर जावी. जमलं तर पडद्यावर फक्त वेळ दिसावी. 'आई, आज आठशेच पावलं झाली', हे ऐकून घेण्यासाठी कुणी केमो घेत नाही. असं ऐकवत राहिलं की पट्टी नातवाच्या हातात जाते आणि आकडा एका संध्याकाळी सुधारतो.

आता मोजमाप चुकतं कुठे, याकडे. पट्टीत ॲक्सेलरोमीटर असतो. हात किती झटक्याने आणि कोणत्या ठेक्यात हलला, एवढंच त्याला कळतं. त्यावरून पाऊल पडलं असेल, असा तो अंदाज करतो. निरोगी माणूस तरातरा चालतो तेव्हा अंदाज बरोबर येतो. रुग्ण ताशी दोन-अडीच किलोमीटरने, पाय घासत, भिंतीला हात लावत चालतो तेव्हा बरीच पावलं मोजलीच जात नाहीत. वॉकर धरला, सलाईनचा स्टँड ढकलला, किंवा पोटाच्या टाक्यांवर हात दाबून चाललं, की मनगट स्थिर राहतं आणि आकडा जवळजवळ थांबतो. उलट, पोळ्या लाटताना, भजनात टाळ वाजवताना, खड्ड्यांतून दुचाकीवर मागे बसून जाताना न चाललेली पावलं जमा होतात. पुण्यात या शेवटच्या चुकीला तोटा नाही.

यावर उपाय साधा आहे आणि तो डिस्चार्जच्या दिवशी वॉर्डातच करायचा. पट्टी बांधून रुग्णाला बोळातून त्याच्या नेहमीच्या चालीने चालू द्यायचं, काठी असेल तर काठीसह. सिस्टरने तोंडाने ५० पावलं मोजायची आणि पट्टीने किती धरली ते बघायचं. ४० पेक्षा कमी धरली तर पट्टी मनगटावरून काढून घोट्यावर बांधायची. हळू चालणाऱ्याची पावलं घोट्यावर बरीच नीट मोजली जातात. घोट्याला सूज असेल तर ती जागा टाळायची. जागा एकदा ठरली की महिनाभर बदलायची नाही, नाहीतर मंगळवारचा मनगटावरचा आकडा आणि बुधवारचा घोट्यावरचा यांची तुलना होऊन बसते आणि विनाकारण घबराट होते.

कोणत्या हातावर, हेही ठरवून द्यावं लागतं. स्तनाच्या शस्त्रक्रियेत काखेतल्या गाठी काढल्या असतील तर त्या बाजूच्या हाताला सूज येण्याचा धोका कायमचा असतो. त्या हातावर घट्ट काहीच नको. दंडात पिक लाईन, म्हणजे औषधासाठी शिरेत बसवून ठेवलेली नळी, असेल तर तो हातही सोडायचा. पट्ट्याखाली एक बोट सहज गेलं पाहिजे. अंघोळीनंतर पट्टी काढून कातडी कोरडी करायची, दोन-तीन दिवसांनी खालची जागा बघायची. काही औषधांनी अंगावर पुरळ येतं, कॅपेसिटाबिनने हातापायांची कातडी लाल होऊन सोलवटते. अशा वेळी सिलिकॉनऐवजी कापडी पट्टा बरा. बांगड्यांचा प्रश्नही खरा आहे. काचेच्या बांगड्या पट्टीवर आपटत राहिल्या की आकडे बिघडतात, आणि 'बांगड्या काढा' असं आजारी बाईला सांगणं ही चुकीची सुरुवात आहे. तिला घोट्यावरची पट्टी द्यावी.

बाकीच्या आकड्यांचं काय? बहुतेक बाजूला ठेवावेत. मनगटावरची पट्टी ऑक्सिजन दाखवते, पण त्यावर विसंबू नये. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरबाबतही २०२० साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं, की काळ्या वर्णाच्या रुग्णांमधली लपलेली ऑक्सिजनची कमतरता गोऱ्यांच्या तुलनेत जवळजवळ तिप्पट प्रमाणात निसटली. आपल्या सावळ्या हातांसाठी ही बाब किरकोळ नाही. पट्टीचं 'तापमान' हे कातडीचं असतं, शरीराच्या आतलं नव्हे. ते पंख्याखाली उतरतं आणि गोधडीत चढतं. त्यावर ताप ठरवायचा नाही. पट्टीसोबत एक साधा डिजिटल थर्मामीटर द्यायचाच, आणि ठासून सांगायचं: आधी ताप मोजा, मग फोन करा, पॅरासिटामॉल सांगितल्यावरच घ्या. रात्रीची, झोपेतली नाडी मात्र उपयोगाची आहे. ताप एक अंश सेल्सियसने चढला की नाडी साधारण दहा ठोक्यांनी वाढते. पावलं घसरली आणि त्याच रात्री नाडी नेहमीपेक्षा पंधरा-वीसने वर असेल तर ते जोडीने बोलणारे साक्षीदार आहेत. पण रक्तदाबासाठी नाडी मंदावणारी गोळी चालू असेल तर हा साक्षीदार गप्प बसतो, हे फाईलवर लिहून ठेवावं.

कोणत्या आकड्याला घाबरायचं, याचं सर्वांना लागू पडणारं उत्तर नाही. इंदापूरच्या उसाच्या फडात राबणाऱ्याची रोजची १२,००० पावलं आणि कोथरूडच्या निवृत्त शिक्षिकेची ३,००० यांना एकच मोजमाप लावता येत नाही. तुलना ज्याची त्याच्याशी. शक्य असेल तर उपचारांच्या आधी सात दिवस पट्टी बांधावी; दिवसातले किमान दहा तास बांधलेली असेल तेच दिवस धरावेत; असे चार-पाच दिवस मिळाले की सरासरी निघते. नंतर एकूण कल बघताना रोजच्या आकड्याऐवजी तीन दिवसांची सरासरी घ्यावी. एक दिवस पाऊस असतो, एक दिवस पाहुणे येतात.

केमोचं चक्र लक्षात घेतलं नाही तर इथेही फसगत होते. केमोसोबत दिलेल्या डेक्सामेथासोन या स्टिरॉइडमुळे पहिले दोन-तीन दिवस रुग्णाला झोप येत नाही आणि तो घरभर फिरतो. पावलं नेहमीपेक्षा जास्त दिसतात. औषध थांबलं की तिसऱ्या ते पाचव्या दिवशी आकडा कोसळतो. हे अपेक्षित आहे. पेशी वाढवायचं इंजेक्शन दिलं असेल तर हाडं ठणकतात, तेव्हाही चालणं कमी होतं. म्हणून पहिल्या चक्रानंतर खरी तुलना असते ती मागच्या चक्रातल्या त्याच दिवसाशी. मागच्या वेळी नवव्या दिवशी २,५०० झाली होती आणि या वेळी नवव्या दिवशी ९०० आहेत, तर फोन करायचा. सुरुवातीला 'स्वतःच्या सरासरीच्या निम्म्याहून कमी, सलग दोन दिवस' हा नियम ठेवावा आणि दोन-तीन महिन्यांनी आपल्याच नोंदी बघून तो घट्ट किंवा सैल करावा. पेशी खाली असण्याच्या सातव्या ते चौदाव्या दिवसादरम्यान मात्र असा एकच दिवसही फोन करायला पुरेसा मानावा.

सगळ्यात फसवी गोष्ट वेगळीच आहे: शून्य आणि रिकामी जागा यांतला फरक. पट्टी ब्लूटूथने फोनला आकडे देते, फोन इंटरनेटवरून पुढे पाठवतो. घरात स्मार्टफोन एकच असतो आणि तो मुलगा सकाळी हिंजवडीला किंवा चाकणला घेऊन जातो. पट्टी घरी, फोन कामावर. फोनमधली बॅटरी वाचवायची सोय ॲपला मागच्या मागे बंद करते. चार्जरची चिमटी हरवते. अशा दिवसाला संगणकाने 'शून्य पावलं' म्हटलं तर सिस्टर घाबरून फोन करते. 'माहिती नाही' म्हणून गप्प सोडून दिलं तर खरोखर बेशुद्ध पडलेला माणूसही त्याच रिकाम्या जागेत लपतो. म्हणून नियम असा हवा: ३६ तास आकडे आले नाहीत तर तोही फोन करायचा प्रसंग. पट्टी देतानाच ॲपची बॅटरी बचत बंद करून द्यायची, फोन रात्री रुग्णाच्या उशाशी राहील असं ठरवायचं, आणि दर रविवारी चार्जिंग, असं फाईलच्या वरच लिहायचं.

मग फोनवर काय विचारायचं? 'कसं आहे?' नको, कारण उत्तर ठरलेलं आहे. मोजता येईल असं विचारावं. आत्ता थर्मामीटर लावा, किती दाखवतो? कालपासून किती उलट्या, किती वेळा पातळ शौच? पाणी किती तांबे, लघवी किती वेळा, रंग कसा? जिना चढताना दम लागतो का, बोलताना लागतो का? नवीन दुखणं कुठे, पाय जड पडतात का, लघवी अडते का? पाच-सात मिनिटांत हे होतं. कोणत्या उत्तराला 'आत्ता निघा', कोणत्याला 'उद्या ओपीडी' आणि कोणत्याला 'परवा पुन्हा फोन करते', हे डॉक्टरांनी आधी लिहून, सही करून द्यायचं. 'आत्ता निघा' याचा अर्थही आधीच ठरलेला हवा. दौंडहून पुणं साधारण ८० किलोमीटर. रात्री अकरा वाजता १०८ ला फोन करून आधी जवळच्या उपजिल्हा रुग्णालयात जायचं, तर तिथल्या डॉक्टरांच्या हातात द्यायला फाईलला पिवळी चिठ्ठी लावलेली असावी: कोणती केमो, कोणत्या तारखेला, शेवटचे काउंट (रक्तपेशींचे आकडे), 'ताप असल्यास रिपोर्टची वाट न पाहता अँटिबायोटिक', 'स्नायूत इंजेक्शन नको', आणि रात्री उचलला जाणारा एक नंबर.

हे सगळं एका सिस्टरला झेपेल का? हिशेब करून बघू. समजा १०० रुग्णांवर लक्ष आहे आणि एखाद्या दिवशी त्यातले दोघे खरोखर बिघडताहेत. नियम असा, की धडधाकट असलेल्यांतल्याही आठ टक्क्यांना तो उगाच पकडतो. म्हणजे दहा फोन, त्यांतले आठ निष्फळ. दहा फोन सात मिनिटांचे, नोंदीसह दोन तास. झेपतं. हेच दहा इशारे शस्त्रक्रियेत असलेल्या डॉक्टरांच्या मोबाइलवर गेले तर चौथ्या दिवशी ते बघणं बंद होतं, आणि ते माणसाच्या स्वभावाला धरूनच आहे. पट्टीच्या बहुतेक योजना इथे मरतात.

फोनवर विचारपूस करणं हे पट्टीपुढे जुनाट वाटत असेल, तर २०१७ साली जाहीर झालेला न्यूयॉर्कचा निष्कर्ष बघावा. पसरलेल्या कॅन्सरच्या ७६६ रुग्णांवर तो प्रयोग झाला. एका गटाला नेहमीचे उपचार. दुसऱ्याने संगणकावर आपली लक्षणं नियमित भरायची, आणि एखादं लक्षण वाढलं की नर्सला सूचना जायची. मनगटावरच्या पट्टीवर या प्रयोगाची भिस्त नव्हती. पहिल्या गटाचं मध्यम आयुर्मान, म्हणजे निम्मे रुग्ण ज्याहून जास्त जगले तो काळ, २६ महिने, दुसऱ्याचं ३१.२ महिने. जी औषधं पाच महिने वाढवतात त्यांच्या किमती लाखांत जातात. इथे काम केलं ते विचारण्याने आणि ऐकून काहीतरी करण्याने. पट्टीचं काम इतकंच, की ज्याला सांगायची सवय नाही त्याला फोन कधी करायचा हे कळावं.

पैशांचा मुद्दा सांगितला जातो तेवढा मोठा नाही. साधी पट्टी दोन-अडीच हजारांत येते. ६० पट्ट्यांना दीड लाख. रुग्णाला सहा आठवड्यांसाठी उसनी द्यायची, परत आली की स्पिरिटने पुसून, पट्टा बदलून पुढच्याला. हरवलेल्या-बिघडलेल्या धरूनही वर्षाला चारशेच्या आसपास रुग्ण होतात. खरा खर्च सिस्टरच्या पगाराचा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेची पॅकेजं शस्त्रक्रिया, केमो अशा रुग्णालयातल्या उपचारांभोवती आखलेली आहेत. घरी गेल्यावर केलेल्या सहा आठवड्यांच्या फोनला त्यात दाम नाही. तो ठरवला पाहिजे. ससूनसारख्या सार्वजनिक रुग्णालयात सुरुवात करायची तर आधी ते पद मंजूर व्हावं, पट्ट्यांची खरेदी नंतर. क्रम उलटा झाला की पट्ट्या कपाटात आणि उद्घाटनाचा फोटो भिंतीवर राहतो. आणि पट्टी रुग्णाच्या माथी मारून बिलात लावणं तर पूर्ण चुकीचं. ज्याने दागिने गहाण ठेवून केमो घेतली त्याला आणखी एक खरेदी नको.

आकडे कुणाचे, हेही पट्टी बांधण्याआधी मिटवावं. पट्टीचं खातं मुलाच्या ईमेलवर उघडलं की रुग्णाचं चालणं, झोप, नाडी एका कंपनीकडे त्याच्या नावानिशी जमा होते. खातं रुग्णालयाने उघडावं, त्यावर नाव नसावं, 'पट्टी क्र. १७' असावं, १७ म्हणजे कोण, ते रुग्णालयाच्या वहीत. फोनचं ठिकाण सांगायची परवानगी जिथे बंद करता येते तिथे बंद. डिजिटल वैयक्तिक माहितीचा कायदा २०२३ साली आला. संमती सोप्या शब्दांत आणि मागे घेता येईल अशी हवी, हे त्यात आहे. ती मराठीत, वाचून दाखवून घ्यावी. विमा कंपनीला किंवा नोकरीच्या ठिकाणी यातला एकही आकडा जाणार नाही, हे त्यात लेखी असावं.

जिथे सिस्टर नेमणं आज शक्यच नाही, तिथे पट्टीचा विचार सोडून द्यावा आणि थर्मामीटर, पिवळी चिठ्ठी व सातव्या, दहाव्या, तेराव्या दिवशी ठरवून केलेला एक फोन एवढं सुरू करावं. ते उद्यापासून जमतं.

आणि पट्टी काढायची कधी, हेही आधी ठरलेलं असावं. शस्त्रक्रियेनंतर सहा आठवड्यांनी, केमोचं शेवटचं चक्र संपून काउंट वर आल्यावर, किंवा रुग्ण 'नको' म्हणेल त्या दिवशी, कारण न विचारता. आजार बरा करण्याचे उपचार थांबवून दुखणं कमी करण्याकडे वळायचं ठरलं, कुणी वारज्याच्या सिप्ला पॅलिएटिव्ह केअर सेंटरमध्ये दाखल झालं, किंवा घरीच राहिलं, तर घसरत्या पावलांना उत्तर म्हणून धावपळ करायची नसते. त्या वेळी सिस्टरने पट्टी स्वतः सोडवून घ्यावी, फोन मात्र चालू ठेवावेत.